पीएलसीच्या इनपुटला सेन्सर जोडताना: पीएनपी की एनपीएन?

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकाला) तीन तारांचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (स्पर्शाविना वस्तू जवळ आल्याचे ओळखणारा) जोडायचा झाल्यास पीएनपी घ्यावा की एनपीएन, हे आधी ठरवावे लागते. हे सेन्सरच्या आउटपुटमधील ट्रान्झिस्टरचे दोन प्रकार आहेत. दोन्हींत तपकिरी तार २४ व्होल्टला, निळी शून्य व्होल्टला आणि काळी इनपुटला जाते. मात्र पीएनपी सेन्सर चालू झाल्यावर काळ्या तारेवर २४ व्होल्ट देतो, म्हणून इनपुटचा कॉमन (गटातील सर्व इनपुटांचे सामाईक टोक) शून्य व्होल्टला जोडावा लागतो, तर एनपीएन ती तार शून्य व्होल्टकडे खेचतो आणि कॉमनला २४ व्होल्ट द्यावे लागतात.

खरा फरक बिघाडात दिसतो. शून्य व्होल्टची तार अर्थिंगला (जमिनीला) जोडलेली असताना काळ्या तारेचे आवरण घासून ती यंत्राच्या सांगाड्याला टेकली, तर एनपीएनच्या जोडणीत पीएलसीला खोटा संकेत मिळून यंत्र अचानक हलू शकते. पीएनपीत तोच दोष सेन्सर चालू होताच शॉर्ट सर्किट म्हणून उघड होतो आणि इनपुट बंदच राहतो. त्यामुळे नव्या पॅनेलसाठी मी पीएनपीच सुचवेन. जुन्या जपानी यंत्रावरील एनपीएन सेन्सर मात्र बदलत बसू नयेत. ते वेगळ्या कॉमनच्या गटावर घ्यावेत, कारण एकाच कॉमनवर दोन्ही प्रकार चालत नाहीत. साध्या लिमिट स्विचला किंवा टाकीतील फ्लोट स्विचला ही अडचण नाही, कारण त्यांचा कोरडा संपर्क (स्वतःचे व्होल्टेज न देता फक्त जोडणारा-तोडणारा) दोन्ही पद्धतींत चालतो.