प्रूस्तचे सात खंड : काही महिन्यांच्या वाचनानंतर

फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तची ‘हरवलेल्या काळाच्या शोधात’ ही कादंबरी हातात घेण्याआधी साधा हिशेब करा. सातही खंड मिळून सुमारे 3000 पानं. रोज 10 पानं म्हटली तरी दहा महिने जातात, आणि वेग यापेक्षा वाढवण्यात अर्थ नाही. एकेक वाक्य अर्धं पान चालतं. धागा सुटला की ते मोठ्यानं वाचावं. श्वास कुठे घ्यायचा ते कळलं की अर्थही लागतो.

बरेचजण सुरुवातीलाच अडतात. निवेदकाला झोप लागत नाही, एवढ्याचीच कितीतरी पानं! नेमकी हीच तक्रार करून एका प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं होतं. शेवटी 1913 मध्ये प्रूस्तनं पहिला खंड पदरच्या पैशानं काढला. दुसऱ्याला 1919 चं गाँकूर, म्हणजे फ्रान्सचं मानाचं साहित्य पारितोषिक, मिळालं, तेही 6 विरुद्ध 4 मतांनी. समोर दोर्जलेसची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी होती, त्यामुळे कुरकुरही बरीच झाली.

खरी कसोटी तिसरा खंड. उमरावांच्या बैठका संपता संपत नाहीत, आणि ड्रायफस प्रकरण (ज्यू अधिकाऱ्यावरचा देशद्रोहाचा खोटा खटला, ज्यानं फ्रान्स दुभंगला) माहीत नसेल तर कोण कोणावर का फुरंगटलंय तेच कळत नाही. त्यावर आधी दोन पानं वाचून घ्या, पण खंड सोडू नका. शेवटी निवेदकाच्या घरचा जुना स्नेही स्वान सांगतो की आपण आता थोड्याच महिन्यांचे सोबती. गेर्मांतच्या ड्यूकला ते ऐकायला वेळ नाही, जेवणाला उशीर होतोय. तेवढ्यात बायकोच्या लाल पोशाखाखाली काळे बूट दिसतात, तर ते बदलायला मात्र तो तिला परत वर पाठवतो. सबंध वर्गावरचं इतकं थंड भाष्य दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पाचवा खंड मत्सराभोवती रेंगाळतो. तिथे भराभर वाचलं तरी चालेल, वँतॉय या कादंबरीतल्या संगीतकाराच्या रचनेची संध्याकाळ तेवढी सोडू नये. डॉक्टर कॉतार मेल्याचं वाचून पुढे तो जिवंत भेटला तर स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घेऊ नका. प्रूस्त नोव्हेंबर 1922 मध्ये गेला, शेवटचे तीन खंड त्यानंतर छापले गेले. त्यांवर त्याचा अखेरचा हात फिरलाच नाही.

इंग्रजीत मॉनक्रीफचं जुनं भाषांतर मूळ फ्रेंचच्या चुकांनी भरलेल्या छपाईवरून झालंय, म्हणून किल्मार्टिन-एनराइट यांनी सुधारलेली प्रत घ्यावी. पेंग्विनच्या नव्या संचात भाषांतरकार बदलत जातात, त्यामुळे सूरही बदलतो. लिडिया डेव्हिसचा पहिला खंड मात्र उत्तम.

नावांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटच्या मेजवानीत सगळी पात्रं इतकी म्हातारी झालेली असतात की निवेदकाला ती सोंगं घेऊन आल्यासारखी वाटतात, आणि गेर्मांतची प्रिन्सेस म्हणून समोर येते ती चक्क मादाम वेर्द्युरँ, पहिल्या खंडातली श्रीमंत पण बिनखानदानी यजमानीण. ती कोण हेच आठवलं नाही, तर तो धक्का फुकट जातो.