ऑर्क जेआयटीचे रिमोट कॉल : टाईप चेकिंग फक्त आपल्या दारापर्यंत

एलएलव्हीएम (कंपायलर बनवायची साधनं) मधली ऑर्क ही जेआयटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच कोड कंपाईल करून चालवणारी. तिच्यात दुसऱ्या प्रोसेसमधलं फंक्शन टाईपसकट असिंक (उत्तराची वाट बघत न थांबता) कॉल करायला एसपीएस (डेटा साध्या बाइट्समध्ये भरायची पद्धत) रॅपरवाले हेल्पर आहेत, त्यांच्याबद्दल लिहितोय. मी कुडाळला घरून काम करतो, लॅपटॉप माझ्या खोलीत आणि आर्मचा बोर्ड ओटीवर, कोड इथे कंपाईल होतो आणि तिकडे चालतो.

वापरायला मस्त आहे हां. सी++ च्या टेम्प्लेटमध्ये सिग्नेचर (फंक्शन कुठले टाईप घेतं आणि देतं) द्यायची, फंक्शनचा पत्ता, उत्तर आल्यावर काय करायचं त्याचा लॅम्डा (छोटं बिननावाचं फंक्शन) आणि आर्ग्युमेंट्स, बाकी बाइट्स भरणं-काढणं सगळं हेल्परच बघतो. चुकीच्या टाईपचं आर्ग्युमेंट दिलंत तर कंपायलर तिथेच बोंबलतो (टेम्प्लेटच्या भाषेत, म्हणजे पानभर). लॅम्डाच्या हातात आधी एरर येतो, तो बघितल्याशिवाय सोडलात तर असर्ट (चुका पकडायच्या तपासण्या) चालू असलेल्या बिल्डमध्ये प्रोग्राम सरळ आडवा होतो, आणि मला विचाराल तर हे बरंच आहे.

पण वायरवर, म्हणजे समोर जाणाऱ्या बाइट्समध्ये, टाईपची काही माहितीच जात नाही. इकडे इंट३२ (चार बाइट्सचा पूर्णांक) आणि तिकडे इंट६४ (आठ बाइट्सचा) लिहिलं असेल तर बाइट्स कमी पडतात म्हणून निदान एरर तरी येतो, पण तिकडे यूइंट३२ (चारच बाइट्स, पण उणे आकडे नाहीत) असेल तर -१ पाठवा, समोर ४२९४९६७२९५ पोचतं आणि कोणी हूं की चूं करत नाही. २०२१ च्या आधीचं ऑर्कचं जुनं आरपीसी (रिमोट कॉलची यंत्रणा) होतं ना, ते आधी नाव आणि टाईप मिळून अख्खा प्रोटोटाईप समोरच्याला विचारायचं, जुळला नाही तर तिथेच नकार. कोड बोजड होता, मान्य, पण ही सोय नव्यात हवी होती राव.

दुसरं आपल्याकडच्या लोकांसाठी. समोरची प्रोसेस मेली तर सॉकेट बंद होतं आणि अडकलेल्या प्रत्येक कॉलच्या लॅम्डाला 'डिस्कनेक्टिंग' असा एरर मिळतो, छान. पण पावसात लाईट गेली की बोर्ड निरोप न देताच जातो, लॅपटॉप बॅटरीवर चालूच, आणि ऐकणारा थ्रेड रीडवर बसून राहतो कारण यात टाईमआऊटच नाही. सॉकेटवर कीपअलाईव्ह (समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) स्वतः लावा आणि त्याची वेळ कमी करा, लिनक्सवर ती मुळात दोन तास असते, तेवढ्यात लाईट येऊन परत जाते.

पाचपैकी साडेतीन.