जुन्या एफ-१०० ट्रकचा स्टीअरिंग बॉक्स की शेवरलेट वेगा कारचा?

१९३२ च्या फोर्डची हॉट रॉड (जुनी गाडी बदलून बनवलेली वेगवान गाडी) जुन्या वळणाची हवी असेल तर १९५३-५६ च्या फोर्ड एफ-१०० ट्रकचाच बॉक्स लावा, त्याचा पिटमन आर्म (बॉक्सच्या बाहेरचा दांडा) पुढे-मागे हलतो, ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारी दांडी) फ्रेमच्या कडेने पुढे जाते आणि दिसतंही भारी! फक्त घेताना बॉक्स मधोमध आणून शाफ्ट हाताने हलवून बघा, मधे ढिला लागला आणि अॅडजस्टिंग स्क्रू आवळल्यावर टोकांना जड झाला तर आतला वर्म (स्क्रूसारखा गिअर) झिजलाय, सरळ सोडून द्या. शेवरलेट वेगाचा बॉक्स छोटा, हलका, पण तो क्रॉस स्टीअरिंगला (ड्रॅग लिंक गाडीला आडवी जाते) लावतात, त्यामुळे आडव्या स्प्रिंगसोबत पॅनहार्ड रॉड (अॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) हवाच, नाहीतर खड्ड्यात चाकं आपोआप वळतात. हेडर्सपाशी (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) जागा अडत असेल तर मात्र वेगाचाच बरा.