गलाईवाल्यांच्या मुलीचं दुकान

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या दुकानात पहिल्यांदा गेले, तेव्हा त्या मुलीनं माझ्या पिशवीतून आईचा शालू काढला आणि उलगडून बघायच्या आधी तराजूवर ठेवला. ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू. ८७२ ग्रॅम. मग आईचं इरकल, ६५४ ग्रॅम. दोन्ही आकडे तिनं चिठ्ठीवर लिहिले, खाली तारीख घातली, माझी सही घेतली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. चाळीस वर्षं मी शिंप्यांकडे कपडे टाकते आहे. माझं कापड कुणी वजन करून घेतलं नव्हतं.

"आमच्या घरची सवय आहे, काकू," ती म्हणाली. "लोकांचं सोनं हातात घेतलं की आण्णा आधी वजन सांगायचे. मग भट्टी."

दुकानाला नाव आहे, पण पाटी लहान आणि जिना आतल्या बाजूला. तुम्ही आपलं 'गलाईवाल्यांच्या मुलीचं दुकान' विचारा, आजूबाजूचे लोक बोट दाखवतात. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, हा कायमचा दुष्काळी. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगली. जुने दागिने, मोड, सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा घ्यायचा, मुशीत वितळवायचा, तेजाबात उकळायचा आणि शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. केरळपासून काश्मीरपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत खानापूर तालुक्यातल्या विट्याकडचं मराठी ऐकू येतं ते यामुळे. हिचे वडील सतराव्या वर्षी त्रिशूरला गेले. ही तिथंच जन्मली, मल्याळी शाळेत शिकली. घरात खानापूर तालुक्याची भाषा, दारात मल्याळम. "तिथं आम्ही मराठी," ती म्हणाली, "आणि मे महिन्यात गावाला आलो की इथली पोरं मला मद्रासी म्हणायची." बोलताना अजून तिचा 'ळ' आपल्यापेक्षा जरा जास्त वळतो. मला तो फार गोड वाटतो.

आता माझ्या कापडांबद्दल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. आईची लोखंडी ट्रंक माळ्यावर चढवायची राहिली आणि पाच दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर बहुतेक साड्या एकमेकींत रंग मिसळून गेलेल्या. वाचला तो १९६८ सालचा तिच्या लग्नाचा शालू आणि एक काळं, लाल काठाचं इरकल. शालूवर प्रत्येक घडीला मातकट पाण्याची रेघ उठली होती. त्याच आठवड्यात दारावर एक जण आला, "जुनी जर वजनावर घेतो" म्हणत. शालूचे त्यानं बरे पैसे सांगितले. आईनं ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्या माणसाला चहा दिला, एवढंच. २०२२ मध्ये आई गेली.

थोरल्या मुलीचा साखरपुडा माघात ठरला, तेव्हा ती म्हणाली, आजीच्या कापडातलंच काहीतरी घालणार. मला धास्तीच होती. आमच्या घरातली एक पैठणी याआधी एका बुटिकमध्ये दिली होती, ड्रेस शिवायला. त्यांनी पदर मधोमध फाडला, मोर पाठीवर उलटे आले आणि उरलेलं कापड मागितल्यावर "काही उरलं नाही" असं तोंडावर सांगितलं. साडेपाच मीटरच्या साडीतून एक कुडता निघाला आणि काही उरलं नाही! त्या दिवसापासून मी कुणालाही जुनं कापड दिलं नव्हतं.

इथं काय वेगळं झालं ते सांगते. तिनं शालू खिडकीपाशी दोरीवर टाकला, मागून उजेड येईल असा, आणि अर्धा तास नुसता बघितला. जिथं कापड विरलं होतं तिथं उजेड जास्त येत होता. तिथं तिथं तिनं पांढऱ्या दोऱ्यानं लांब कच्चे टाके घातले. घड्यांच्या रेषांवर रेशीम सगळ्यात आधी मरतं, हे मला त्या दिवशी कळलं. वर्षानुवर्षं एकाच घडीवर साडी ठेवली की तिथले धागे मोडतात. इरकलाच्या काठावर ओला पांढरा कापूस दाबून तिनं दहापर्यंत मोजलं. कापूस गुलाबी झाला. "लाल अजून सुटतोय. हा काठ फिक्या कापडाशेजारी लावायचा नाही."

मी विचारलं, पाण्याच्या रेघा निघतील का? ती लगेच म्हणाली, नाही. "रेशीम पन्नास वर्षांचं आहे, काकू. डाग काढायला गेले तर कापडच हातात येईल. मी रेघा टाळून कापते. जिथं टाळता येणार नाही तिथं तुम्हाला विचारीन." मला हे उत्तर आवडलं. "हो हो, करून देऊ" म्हणणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत.

मागच्या खोलीत तिचे वडील, म्हणजे आण्णा, बसतात. धंदा भावाच्या मुलांकडे सोपवून दोघं नवरा-बायको परत आले. त्यांनी चष्मा पुसला, शालूच्या काठातून सुटलेला जरीचा एक धागा उचलला आणि कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. मग त्याचं टोक काडीनं पेटवलं. आतलं रेशीम जळालं, केसासारखी तार राहिली. ती त्यांनी तळहातावर घेऊन मला दाखवली.

"चांदी आहे, ताई. वर सोन्याचा मुलामा. आता अशी जर सहसा येत नाही, तांब्याच्या तारेची येते नाहीतर प्लास्टिकची." थोडं थांबून म्हणाले, "मी असे शालू पोत्यानं जाळलेत. चांदी काढायची म्हणून. ही दहा वर्षांची असंल, भट्टीपाशी येऊन काठ कापून मागायची. मी म्हणायचो, जा गं, अभ्यास कर."

त्या काठांचा एक डबा अजून दुकानात आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तिनं उघडून दाखवला. बनारसी, कांजीवरम, कुणाकुणाच्या लग्नांचे बोटभर तुकडे, काहींच्या कडा जळून काळ्या. बापानं शेवटी दिले होते म्हणजे.

कण्णूरच्या निफ्टमध्ये, फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत, प्रवेश मिळाला, तेव्हा घरात मोठा वाद झाला. मुलीनं शिंपीकाम करायचं आणि त्यासाठी एवढी फी? तेव्हा तिनं वडिलांना राल्फ लॉरेन या अमेरिकन फॅशन डिझायनरची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९३९ साली जन्मलेला मुलगा, आईवडील बेलारूसकडून आलेले ज्यू, वडील रंगारी. घरातलं मूळ आडनाव लिफशित्झ. शाळेत पोरं चिडवायची म्हणून ते सोळाव्या वर्षी बदललं. फॅशनचं शिक्षण नाही. १९६७ साली त्यानं रुंद टाय करून विकायला सुरुवात केली, बाजारात अरुंद टायची चलती असताना. पुढं पोलो नावानं काय उभं राहिलं ते जगाला माहीत आहे. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आडनाव बदलावं लागतं का?" ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फी भरली. हे सांगताना ती हसत होती आणि मागच्या खोलीतून आण्णा "खरंच तसंच विचारलं होतं मी" म्हणाले.

आज तिच्या हाताखाली नऊ बायका आहेत. दोघी कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम, भरतात, बाकीच्या शिवण आणि हातटाके. पुण्यात आणि कोचीत तिच्या कोट्या, म्हणजे जाकिटं, विकायला असतात, लग्नसराईत तीन महिने आधी सांगावं लागतं. कुणी तिला डिझायनर म्हटलं की ती नाकारत नाही, आणि का नाकारावं? ते काम ती करते.

आमची वस्तू सांगते. शालूची गुडघ्यापर्यंत लांब कोटी आणि इरकलाचा घेरदार परकर. कोटीच्या पाठीवर पदराचा भाग सलग आहे, शालूच्या कोयऱ्या सगळ्या सरळ, देठ खाली. पाठीत शिवण नाहीच, दोन्ही बाजूंना कळ्या लावून आकार दिला आहे. जिथं कापड विरलं होतं तिथं आतून मऊ सुती मलमलचा थर आणि त्याला जाळं विणल्यासारखे बारीक टाके, बाहेरून दिसत नाहीत, बोट फिरवलं तर लागतात. इरकलाचा तर मी स्वतः तास घेतला तिच्याकडून! इरकलात पदर वेगळ्या रेशमी ताण्याचा असतो. तो अंगाच्या सुती ताण्याला फास घालून एकेका धाग्यानं जोडलेला असतो, त्याला टोप तेनी म्हणतात. आमच्या इरकलाचा जोड एका ठिकाणी वीतभर सुटला होता. मशीन मारली असती तर पाच मिनिटांचं काम. तिच्याकडच्या एका बाईंनी दोन दिवस बसून सुईनं ते फास पुन्हा घातले. कारण तिला लाल पदर परकराच्या पुढच्या घेरात हवा होता, आणि जोड दिसायला हवा होता. आई बसली की तिचा पदर असाच मांडीवर पडायचा. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

एक रेघ टाळता आली नाही, तेव्हा तिनं खरंच फोन केला. मी म्हटलं, डाव्या बाजूला आत घे. आता कोटी उघडली की अस्तराच्या वर, दोन बोटं रुंद, पुराच्या पाण्याची रेघ आहे. मुलीनं साखरपुड्यात तिथं हात ठेवून फोटो काढून घेतला.

तक्रारी आहेत आणि त्या सांगायला हव्यात. कबूल केलेल्या तारखेला काम झालं नाही, पाच दिवस उशीर. साखरपुडा तीन दिवसांवर आला तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि त्या दिवसांत ती फोनही उचलत नव्हती. नंतर माफी मागितली, खरी मागितली, पण फोन उचलून "आज नाही, परवा" एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं. नऊ जणींतली एक फोनपाशी बसवावी. पहिल्या मापात कोटीची बगल घट्ट झाली होती, ती तिनं तिथंच उसवून आमच्यासमोर पुन्हा लावली. कपडे घालून बघायची जागा म्हणजे कोपऱ्यातला पडदा, आणि जिना चढायला गुडघे शाबूत हवेत. साठीच्या पुढच्या बायकांनी बरोबर कुणाला तरी न्यावं.

पैसे: कोटीचे ७,८००, परकराचे ४,६००, अस्तर आणि डागडुजी धरून. निम्मे आधी. सांगलीत एवढ्यात दोन तयार घागरे येतात, हे खरं आहे. मला महाग वाटले, देताना मात्र जड वाटले नाहीत. रोजचे ब्लाउज शिवायला तिच्याकडे जाऊ नका, ती घेत नाही. सिंथेटिक कापडही घेत नाही. तयार कपड्यांत गुळेदगुड्ड खणाची कोटी घ्या, कॉलर सुंदर बसते. सेट-मुंडूच्या, म्हणजे केरळी बायकांच्या पांढरट दुपेडी वस्त्राच्या, कसवू (सोनेरी जरीच्या) काठाला खणाचं योक लावून केलेले कुडते तिथं सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात, त्रिशूर आणि विटा एका कपड्यात, तिला ते फार प्रिय आहेत. पण पांढऱ्याशेजारी गडद खण किती धुण्यांत टिकेल, याची मला शंका आहे. मी तिला तसं सांगितलं. तिनं लगेच एक कुडता नळाखाली धरून दाखवला. रंग सुटला नाही. तरी मी घेतला नाही, माझ्या वापरातला तो नव्हे.

जायचं तर सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात जा. संध्याकाळी दिव्यात ती जुनं कापड बघतच नाही. कापड धुऊन, इस्त्री करून नेऊ नका, आहे तसं न्या.

घ्यायला गेलो त्या दिवशी आण्णांनी सगळं टेबलावर मांडलं. कोटी, परकर, उरलेल्या सलग कापडाच्या दोन घड्या आणि सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या, त्यात चिंध्या. नखाएवढेसुद्धा तुकडे होते. मग चिठ्ठी वाचून दाखवली. शालू, आले ८७२. कोटीला लागलेले ३९०, सलग उरलेले ४२८, चिंध्या ५१. एकूण ८६९. खाली त्यांच्या अक्षरात, "३ ग्रॅम घट."

"कापताना धागे उडतात, ताई," ते म्हणाले. "सोन्यात पण घट येते. ती सांगायची असते."

इरकलातलं १९६ ग्रॅम ट्रंकेत परत ठेवलं आहे, त्यावर चिठ्ठी टाचून. धाकटीची बारावी झाली की ते घेऊन जाणार आहे.