जुन्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून लिनक्स मिंट टाकलं, सहा महिन्यांचा अनुभव

माझा लॅपटॉप पाचव्या जनरेशनचा आय३, रॅम ४ जीबी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला अन् विंडोज ११ ले टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा नाहीतर त्याच्या पुढचा पाहिजे, म्हणजे आपली मशीन बाद. तालुक्याच्या एका दुकानात तर सरळ सांगितलं भंगारात द्या, नवीन घ्या. सोयाबीनचे पैसे हाती आले नाही तर नवीन कुठून घ्यायचा भौ? चालती मशीन फेकायची काहून?

म्हणून विंडोज तसंच ठेवून बाजूले लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं, जुन्या मशीनले तेच हलकं पडते. फुकट आहे अन् २०२९ पर्यंत अपडेट भेटतात. मिंटची फाइल जवळपास तीन जीबीची, घरात रेंज नाही म्हणून रात्री मोबाईल स्लॅबवर ठेवून हॉटस्पॉटवर उतरवली.

विंडोजमधूनच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्हमधून ६० जीबी मोकळी केली, मग ती फाइल पेनड्राइव्हवर चढवून लॅपटॉप त्याच्यावरूनच चालू (बूट) केला. इथं घाई करू नका, "इरेज डिस्क" वर क्लिक झालं तर सगळा डेटा गेला समजा, आपल्याले विंडोजच्या बाजूले टाकायचं वालं ऑप्शन घ्यायचं. बॅकअप आधी. अन् लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असन तर लाईनीचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर लावूनच बसा.

आता चालू केलं की काळ्या स्क्रीनवर दोन्ही नावं येतात, बाणाच्या बटनानं निवडायचं. मिंट खरंच मस्त चालते, विंडोजमध्ये क्रोम उघडलं की मशीन ढेपाळायची, इथं पुतणी बारावीचे व्हिडिओ पाहते अन् बाजूले पीडीएफपण उघडी असते.

दोन गोष्टींनी मात्र लय डोकं खाल्लं. दुपारचे चार वाजले होते, विंडोज उघडलं तर घड्याळात साडेदहा, एका गिऱ्हाइकाच्या पावतीवर तोच टाइम छापल्या गेला. मले वाटलं मशीनमधल्या घड्याळाचा सेल गेला, तसं नव्हतं, मिंट मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) टाइम लिहिते अन् विंडोज त्यालेच इथला टाइम समजते, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. मिंटच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" मारलं (कमांड इंग्रजीतच टाइप करा, मधात स्पेस, शब्द जोडायले आडवी रेघ) अन् मिटलं. दुसरं, डी ड्राइव्हमधल्या फाइली मिंटमध्ये दिसायच्या पण सेव्ह होत नव्हत्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, ड्राइव्ह अडकवून ठेवते. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधून फास्ट स्टार्टअप बंद करा, पहिल्याच दिवशी करा.

माझ्याकडून पाचातून साडेचार. अर्धा याच्यासाठी कापला की वर्डमधले टेबल लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं) हलतात, अन् माझं अंगठ्याचं (बोटाचा ठसा घ्यायचं) मशीन मिंटमध्ये चाललं नाही. त्या कामाले गिऱ्हाईक आलं की रिस्टार्ट मारून विंडोज उघडतो, तेवढ्यात ते बाकड्यावर बसून पाणी पिते.