कॉलेज रोडच्या दोन खोल्यांतून जर्मनीपर्यंत : आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सेवेबद्दल

सातपूर एमआयडीसीत आमचा कंट्रोल पॅनेलचा कारखाना आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. ज्या सॉफ्टवेअर कंपनीबद्दल लिहिते आहे ती नाशिकचीच. कॉलेज रोडवर दोन खोल्यांत होती तेव्हा तिने आमचं काम घेतलं. आज तिचं बहुतेक काम जर्मनी आणि नेदरलँड्सचं आहे. खाली तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

पॅनेलच्या धंद्यात मालापेक्षा ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, सांभाळणं अवघड. ग्राहक संध्याकाळी नवं ड्रॉइंग पाठवतो आणि तोवर स्टोअरमधून जुन्या बीओएमप्रमाणे (लागणाऱ्या सुट्या भागांच्या यादीप्रमाणे) कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे स्विच, निघालेले असतात, बसबार, म्हणजे वीज वाहणारी धातूची पट्टी, कापून झालेला असतो. टॅलीत हिशेब चोख होता, पण हे दुखणं टॅलीच्या आवाक्यातलं नव्हतं. या कंपनीचा एक मुलगा आमच्या स्टोअरच्या काकांशेजारी स्टूल टाकून दिवसच्या दिवस बसला. काका चिठ्ठीवर काय लिहितात, कोणाला विचारल्याशिवाय माल सोडत नाहीत, सगळं बघितलं आणि मगच स्क्रीन बनवायला घेतली. आता नवी रिव्हिजन चढली की जुन्या बीओएमवर माल निघतच नाही. पावडर कोटिंगला गेलेल्या शीटचं जॉबवर्क चलनही (बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाचा कागद) त्याच रिव्हिजनला जोडलेलं असतं. जीएसटीच्या नियमाने तो माल वर्षाच्या आत परत यायला हवा. कोणतं चलन किती दिवस बाहेर आहे ते रोज सकाळी समोर दिसतं. काका स्वतः ती स्क्रीन उघडतात, याहून मोठी पावती मी देऊ शकत नाही.

कारखान्यातल्या गिऱ्हाइकाच्या आधाराने सॉफ्टवेअर कंपनी उभी राहते, हे आपल्याकडे पूर्वीही झालंय. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली आणि १९८३ साली बंगळूरला गेली, कारण तिचं देशातलं पहिलं गिऱ्हाईक मायको, वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, तिथे होतं. तीच मायको, जिच्या नावाने आपल्या नाशिकमध्ये मायको सर्कल आहे आणि जी आता बॉश म्हणून ओळखली जाते. आमची ही सॉफ्टवेअर कंपनी मात्र गिऱ्हाईक परदेशात असूनही नाशिक सोडून गेली नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे. आउटसोर्सिंगच्या धंद्यात माणसं टिकत नाहीत ही कायमची रड. इथे घर, आईवडील असलेली मुलं हिंजवडीला खोली शोधण्यापेक्षा गंगापूर रोडवरून कामाला येणं पसंत करतात. माझ्या मते कंपनी वाढली ती यामुळे. जर्मन गिऱ्हाइकाला तीच माणसं वर्षानुवर्षं कॉलवर दिसली.

त्या वाढीचा फायदा आम्हालाही झाला. सुरुवातीला बदल थेट आमच्या चालू सिस्टिममध्ये होत, बॅकअप एका पेनड्राइव्हवर असे. परदेशी गिऱ्हाइकांनी शिस्त मागितली आणि ती आमच्याकडेही आली. आता प्रत्येक बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर जातो, काय बदललं ते लिहून येतं, आणि बॅकअप नुसता घेतला जात नाही तर परत चढवून बघितला जातो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इनव्हॉइस लागू झालं, तेव्हा आमची क्यूआर कोडची बिलं पहिल्याच दिवशी अडथळ्याविना निघाली. शेजारच्या गाळ्यात त्या दिवशी डिस्पॅच अडकला होता.

आता तक्रार. काकांशेजारी बसणारा तो मुलगा जर्मनीच्या प्रोजेक्टवर गेला. त्याची बढती झाली, आनंदच आहे. पण त्याच्या जागी आम्हाला तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला. दरवेळी नवा माणूस फोन करतो आणि जॉबवर्क म्हणजे काय इथून सुरुवात होते. त्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणून त्यांची टीम दुपारी बसायला लागली. आमची गाडी भरते सकाळी. लेबल छापलं नाही तर टेम्पो उभा, ड्रायव्हर उभा, आणि तिकिटावर उत्तर येतं जेवणानंतर. छोट्या गिऱ्हाइकाकडेच काम शिकलेल्या कंपनीने त्याला रांगेत शेवटी उभं करावं, हे मला पटत नाही. त्यांच्या संचालकांना मी समोर बसून हेच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

अशी सेवा घेणाऱ्या कारखानदारांनी करार नीट वाचावा, आणि त्यातही सोर्स कोडचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ लिखाणाचं, कलम. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. बाहेरच्या कंपनीकडून करून घेतला आणि पैसे चुकते केले, एवढ्याने तो आपल्या मालकीचा होत नाही. हक्क लेखी हस्तांतरित व्हावे लागतात. हस्तांतराच्या त्या कागदात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता. आमच्या करारात दोन्ही स्पष्ट लिहिलं आहे.

दर स्वस्त नाहीत. दोन-चार माणसांच्या वर्कशॉपला टॅली आणि एक्सेल पुरे. पण ड्रॉइंगवर काम चालतं, जॉबवर्क बाहेर जातं, अशा युनिटने यांना जरूर बोलवावं. मी यंदा देखभालीचा करार पुन्हा केला आहे, आणि सकाळी नऊ ते बारा आमच्यासाठी एकच ठरलेला माणूस फोन उचलेल, ही अट त्यात त्या माणसाच्या नावासह घालून घेतली आहे.