पीएमव्ह्यू आणि एमपीव्हिस: सर्व्हरचा परफॉर्मन्स थ्रीडीत बघायचा असेल तर हे घ्या

थ्रीडी ग्राफ म्हटलं की आपल्यातले बरेच सिस्टीमवाले नाक मुरडतात, आणि प्रेझेंटेशनमधले ते तिरके पाय चार्ट आठवले की मलाही ते पटतं. पण परफॉर्मन्स को-पायलट, म्हणजे पीसीपी, हा मशीनच्या कामगिरीवर लक्ष ठेवणाऱ्या टूल्सचा संच, आणि त्यातलं आकडे थ्रीडीत दाखवणारं पीएमव्ह्यू ही गोष्टच वेगळी आहे. मी ते बरेच महिने रोजच्या कामात वापरतोय आणि ज्यांच्याकडे ढीगभर सीपीयू नाहीतर ढीगभर डिस्क असलेली मशीन्स आहेत त्यांनी ते लावून बघावंच असं माझं स्पष्ट मत झालंय.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय हे असं का बनवलंय ते कळत नाही. पीसीपी मूळचं एसजीआय, म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीचं, मेलबर्नच्या टीमनं नव्वदच्या दशकात बनवलेलं. त्या कंपनीची ओरिजिन २००० सारखी मशीन्स (१९९६ ची गोष्ट) १२८ प्रोसेसरपर्यंत जायची, आता १२८ ओळींचे आकडे दर दोन सेकंदाला वाचत कोण बसणार? आणि ग्राफिक्स तर त्यांचा घरचाच धंदा, थ्रीडी चित्रं काढायचं १९९२ चं ओपनजीएल हे स्टँडर्ड त्यांचंच. म्हणून त्यांनी आकड्यांचे ठोकळे केले. २००० साली पीसीपी ओपन सोर्स झालं, पीसीपीसाठी पैसे लागत नाहीत, आणि आज रेड हॅटच्या लिनक्समध्येही ते येतं.

आतली रचना साधी आहे. ज्या मशीनवर लक्ष ठेवायचंय तिथे पीएमसीडी नावाचा डीमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम असतो, तो वेगवेगळ्या एजंटांकडून मेट्रिक्स, म्हणजे मोजलेले आकडे, गोळा करतो, कर्नल, डिस्क, नेटवर्क, डेटाबेस, जे असेल ते. पीएमव्ह्यू त्याच्याकडून आकडे मागतं आणि तुमच्या स्क्रीनवर सपाट चौथरा काढून त्यावर ठोकळे उभे करतं, मेट्रिक वाढलं की ठोकळा उंच. सगळं स्वतः मांडायचं नसेल तर तयार सीन आहेत: ओएसव्हिसमध्ये सीपीयू, लोड, मेमरी, डिस्क, नेटवर्क असं सगळं एकत्र, डीकेव्हिसमध्ये डिस्क, एनएफएसव्हिसमध्ये एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाईल्स शेअर करायची सोय, क्लस्टरव्हिसमध्ये बऱ्याच मशीन्स एकदम. पण माझं सगळ्यात आवडतं एमपीव्हिस, यात प्रत्येक सीपीयूचा वापर यूजर (प्रोग्रॅमचं काम), सिस्टीम (कर्नलचं काम), इंटरप्ट (हार्डवेअरनं मारलेल्या हाका), वेट (डिस्कची वाट बघणं) असा वेगवेगळ्या रंगांत उभा राहतो.

याचा खरा उपयोग कुठे होतो ते सांगतो. एक बॅकअप सर्व्हर होता, १६ सीपीयू, आणि तक्रार अशी की नेटवर्क सुसाट असूनही डेटा रांगत येतोय. डॅशबोर्डवर सीपीयू ७-८ टक्के, म्हणजे सगळ्यांचं म्हणणं सीपीयू तर रिकामाच आहे, डिस्क बघा, स्विच बघा. आता गणित बघा, १६ पैकी एक सीपीयू पूर्ण भरला तरी सरासरीत तो फक्त सव्वासहा टक्के दिसतो, कुणाला शंकासुद्धा येत नाही. एमपीव्हिस उघडलं तर मोकळ्या माळावर एकच मोबाईल टॉवर असावा तसा पहिला सीपीयू वरपर्यंत भरलेला, त्यातही जवळजवळ सगळा रंग इंटरप्टचा, आणि बाकीचे पंधरा जमिनीला टेकलेले. नेटवर्क कार्डाचे सगळे इंटरप्ट एकाच सीपीयूवर येत होते. मग लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाईल बघितली, तिच्यात प्रत्येक सीपीयूचा एक कॉलम असतो, एकाच कॉलमचे आकडे धावतायत, खात्री झाली. कार्डाच्या क्यू (रांगा) वाढवून इंटरप्ट वाटून दिले आणि ठोकळे हळूहळू सारखे झाले.

कुणी म्हणेल हे एमपीस्टॅटमध्येही, म्हणजे दर सीपीयूचे आकडे तक्त्यात दाखवणाऱ्या कमांडमध्येही, दिसलं असतं. हो, दिसलं असतं, पण एमपीस्टॅट तुम्ही कधी चालवता, तर सीपीयूवर शंका आल्यावर. आणि दुसरं म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात हालचाल दिसत नाही. उंच ठोकळा एकाच जागी ठाण मांडून बसला असेल तर इंटरप्ट नाहीतर त्याच सीपीयूला पिन केलेली (बांधलेली) प्रोसेस, तोच उंच ठोकळा या सीपीयूवरून त्या सीपीयूवर उड्या मारत असेल तर बहुतेक एकच थ्रेड असलेला, म्हणजे एका वेळी एकच सीपीयू वापरणारा प्रोग्रॅम आहे आणि शेड्युलर (सीपीयूंना काम वाटणारा कर्नलचा भाग) त्याला फिरवतोय, सगळे सीपीयू एकदम सिस्टीमच्या रंगानं वर गेले तर लॉकची भांडणं, म्हणजे एकाच गोष्टीसाठी सगळे अडून बसणं, चालली आहेत का ते शोधायचं, आणि वेटचा रंग चढला तर सरळ डीकेव्हिस उघडायचं. हे आकार काही दिवसांत डोळ्यात बसतात, मग सीन उघडल्या उघडल्या कुठे बघायचं ते कळतं. मला तरी दुसऱ्या कुठल्या टूलनं हे इतक्या पटकन दिलेलं नाही.

वापरायला कसं आहे? व्ह्यूअर जुन्या वळणाचा आहे, कडेला फिरवायची चाकं, हात आणि बाण अशी दोन बटणं. हात निवडला की सीन फिरवायचा, बाण निवडला की ठोकळ्यावर क्लिक करून त्याचं मेट्रिक आणि नेमकी किंमत बघायची. नवीन माणूस पाच मिनिटांत सीन असा काही फिरवून ठेवतो की चौथऱ्याचं बूडच वर येतं, तेव्हा होमचं बटण लक्षात ठेवा. एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी बदला: पर्स्पेक्टिव्ह बंद करून ऑर्थोग्राफिक करा. पर्स्पेक्टिव्हमध्ये मागचे ठोकळे लहान दिसतात आणि उंचीची तुलना चुकते, ऑर्थोग्राफिकमध्ये ती कटकट जाते.

कमतरता आहेतच. पुढचा उंच ठोकळा मागच्याला झाकतो, कोन बदलून काम भागतं पण सारखं फिरवत राहायचा कंटाळा येतो. ७२ टक्के की ७८ टक्के हे ठोकळ्यावरून कळत नाही, आणि ते कळायची अपेक्षा पण ठेवू नका. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की माणूस एकाच स्केलवरची जागा सगळ्यात अचूक वाचतो, आकारमान वगैरे बरंच मागे. म्हणून नेमका आकडा हवा असेल तेव्हा मी पीएमचार्ट, पीसीपीचंच साध्या सपाट ग्राफचं टूल, उघडतो. दिवसभराचा कल बघायचा असेल तर हीटमॅप, म्हणजे आकड्यांऐवजी रंगांचा तक्ता, बरा, त्यात काही झाकलं जात नाही. आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर हे लावू नका, तिथे माउस धरून सीन फिरवायला कुणी नसतं, नुसती शोभा होते.

इन्स्टॉलेशन हा खरा त्रास. पीसीपी सहज मिळतं, पीएमचार्टही मिळतो, पण पीएमव्ह्यूला क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीसोबत कॉईन ही थ्रीडी लायब्ररी लागते, त्यामुळे तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या आवृत्तीच्या) पॅकेजमध्ये ते असेलच असं नाही, सोर्सवरून बिल्ड करायची तयारी ठेवा. डॉक्युमेंटेशनमध्ये मॅन पेज (टर्मिनलमध्ये उघडणारी माहितीची पानं) चांगली आहेत, स्वतःचा सीन लिहायची कॉन्फिग भाषाही तिथेच समजते, पण नवख्याला हात धरून शिकवणारं काही नाही. ५ पैकी ४ देतोय, एक मार्क यासाठीच कापला.

मागचं परत बघता येतं ही सोय मात्र सोन्यासारखी आहे. पीएमलॉगर आकडे साठवत राहतो, आणि तेच आर्काइव्ह पीएमव्ह्यूला दिलं की रात्री तीनला काय झालं ते सकाळी चहा घेत बघता येतं, पीएमटाइमच्या खिडकीतून पुढे, मागे, जोरात, हळू. सीन तोच, ठोकळे तेच, फक्त वेळ कालची. फक्त लॉगिंगचा वेग बघून घ्या, जुन्या सेटअपमध्ये दर ६० सेकंदांनी एक नोंद असते, त्यात दहा सेकंदांचा झटका सरासरीत विरून जातो. महत्त्वाच्या मशीन्सवर मी तो वेग वाढवून ठेवलाय, डिस्क थोडी जास्त खाल्ली जाते, चालतं.

आणि हो, सर्व्हरवर एक्स फॉरवर्डिंग करून, म्हणजे प्रोग्रॅम तिथे आणि त्याची खिडकी इथे, असं हे चालवायला जाऊ नका, फार अडखळतं. पीएमव्ह्यू आपल्याच लॅपटॉपवर लावा आणि डॅश एच देऊन होस्टचं नाव सांगा, मग नेटवर्कवरून फक्त आकडे येतात, चित्र इथेच तयार होतं. पीएमसीडीचा पोर्ट ४४३२१, तो इंटरनेटवर उघडा ठेवू नका, एसएसएचच्या टनेलमधून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतून, आणा.